न्यूट्रॉनने मोजलेल्या पायऱ्या

१/ सन १९३५. मंदगती न्यूट्रॉन जितका संथ, तितका तो अणुकेंद्रकात अधिक शोषला जाईल आणि ही वाढ सलग असेल, अशी तत्कालीन अपेक्षा होती. रोममधील एन्रिको फर्मी यांच्या गटाला व इतर संशोधकांना मात्र वेगळेच आढळले : अनेक मूलद्रव्ये ठरावीक ऊर्जेचे न्यूट्रॉन जणू निवडून गिळत होती.

२/ १९३६ मध्ये नील्स बोर यांनी उलगडा केला. आत शिरलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा केंद्रकातील साऱ्या कणांत वाटली जाते व अल्पजीवी ‘संयुक्त केंद्रक’ घडते. न्यूट्रॉनची ऊर्जा त्याच्या एखाद्या पातळीशी जुळली, की शोषण एकदम उसळते. हेच अनुस्पंदन. ग्रेगरी ब्राइट व यूजीन विग्नर यांनी त्याच वर्षी या शिखरांचे सूत्र मांडले.

३/ मोजमापाची युक्ती साधी होती : न्यूट्रॉनांची शर्यत. १ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे १४ किलोमीटर धावतो. क्षणिक झोत सोडून ठरावीक अंतरावर पोहोचण्याचा वेळ मोजला, की ऊर्जा कळते; वाटेत नमुना ठेवला, की कोणत्या ऊर्जेचे न्यूट्रॉन गळाले तेही कळते.

४/ युरेनियम-२३८ चे पहिले ठळक शिखर ६.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे. न्यूट्रॉन शिरताच केंद्रकाला सुमारे ४८ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लाभते. एवढ्या उंचीवर पातळ्यांमधील सरासरी अंतर अवघे २० च्या आसपास!

५/ हा केवळ ज्ञानाचा प्रश्न नव्हता. वेग मंदावताना न्यूट्रॉन याच शिखरांत हरवले, तर साखळी अभिक्रिया विझते. म्हणूनच १९४२ च्या शिकागो अणुभट्टीत युरेनियम ग्रॅफाइटमध्ये एकजीव न मिसळता गोळ्यांच्या रूपाने अंतराअंतरावर रचले गेले.

६/ एवढ्या दाट पातळ्या एकेक करून गणिताने काढणे अशक्यच. १९५६ मध्ये विग्नर यांनी वाट बदलली : प्रत्येक पातळी नव्हे, तर पातळ्यांमधील अंतरांची वाटणी पाहावी. यदृच्छेने भरलेल्या मॅट्रिक्सचे गणित त्यांनी वापरले. निष्कर्ष असा, की समान गुणधर्मांच्या पातळ्या एकमेकींना जणू दूर लोटतात.

७/ या गणिताला भक्कम पाया देणाऱ्यांत मदनलाल मेहता हे भारतीय नाव अग्रणी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून ते फ्रान्समधील साक्ले येथे गेले. तेथे मिशेल गोदँ यांच्यासह त्यांनी हे काम केले. १९६७ मधील त्यांचा ग्रंथ या शाखेचा आधारग्रंथ ठरला.

८/ पुढे १९७२ मध्ये ह्यू माँटगोमेरी व फ्रीमन डायसन यांच्या संभाषणातून ध्यानात आले, की अविभाज्य संख्यांशी निगडित रीमान फलनाच्या शून्यांतही अंतरांची हीच घडण दिसते. केंद्रकाच्या पायऱ्या मोजू निघालेले शास्त्र असे शुद्ध गणिताच्या दारी पोहोचले.