पाकिटावरचं नाव गमतीदार हवं, पण वाचताही आलं पाहिजे : छोट्या उद्योगासाठी मराठी फॉन्ट असा निवडावा

जळगाव / धुळे : केळी वेफर्स, कळण्याचे पापड, बिबड्या, नागलीचे पापड, काळा मसाला, शेव... खान्देशात घरोघरी आणि बचत गटांत तयार होणारा हा माल आता साध्या पिशवीतून छापील पाकिटात येऊ लागला आहे. पाकीट आलं की नाव आलं, आणि ते कोणत्या अक्षरात छापायचं हा प्रश्नही आला. बरेच जण हा निर्णय डीटीपीवाल्यावर सोडून मोकळे होतात. पण रंगीत पाऊच मोठ्या संख्येनेच छापून मिळतात. ग्रॅव्ह्युर छपाईत तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. अक्षर चुकलं तर सिलिंडरचा खर्च पुन्हा, आणि उरलेले पाऊच वाया. म्हणून छपाईआधी अर्धा दिवस अक्षरावर घालवलेला बरा.

डिस्प्ले फॉन्ट म्हणजे काय?

पुस्तकात, बातमीत वापरतात ती साधी, सलग वाचायची अक्षरं. डिस्प्ले फॉन्ट म्हणजे नावासाठी, पाटीसाठी, मोठ्या आकारात वापरायची अक्षरं. ती गुबगुबीत, वाकडी, हाताने काढल्यासारखी असू शकतात. मोठ्या आकारात ती उठून दिसतात, बारीक केली की गिचमिड होते. म्हणून नियम सोपा आहे : गमतीचं अक्षर फक्त नावाला, बाकी सगळा मजकूर साध्या अक्षरात. एका पाकिटावर दोनपेक्षा जास्त फॉन्ट नकोत.

कोणत्या मालाला कोणतं अक्षर?

खालचे सगळे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि त्यात देवनागरी आहे.

• बलू २ : मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा. गोलसर, जाड, हसरं अक्षर. वेफर्स, शेव, लहान मुलांच्या खाऊला शोभतं. जाडीचे पाच प्रकार आहेत. याचाच गुजराती भाऊ ‘बलू भाई २’ आहे. सुरतकडे माल पाठवणाऱ्यांना दोन्ही लिप्यांत एकाच वळणाचं नाव छापता येतं. शोधताना इंग्रजीत बी-ए-एल-ओ-ओ असं स्पेलिंग टाकावं.

• मोदक : हाही ‘एक टाइप’चाच. नावासारखाच फुगलेला. अक्षरातली मोकळी जागा अगदी कमी, त्यामुळे दोन-तीन अक्षरांच्या छोट्या नावालाच घ्यावा. लांब नाव वाचता येत नाही.

• कलम : हाताने लिहिल्यासारखा. पापड, लोणचं, मसाला अशा ‘घरचं’ म्हणून विकायच्या मालाला चांगला.

• यात्रा वन : मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. चहाचं दुकान, नाश्ता सेंटर, ढाबा यांच्या पाटीला जमतो.

• मुक्ता : हा गमतीचा नाही, साधा आहे. पण घटक, पत्ता, वजन या बारीक मजकुराला वरच्या कुठल्याही फॉन्टसोबत चालतो.

नावावरून फसू नये

‘श्रीखंड’, ‘फरसाण’, ‘मोगरा’ या नावांचेही फॉन्ट आहेत. नाव बघून माणूस लगेच डाउनलोड करतो. पण हे तिन्ही गुजराती आणि इंग्रजी लिपीचे आहेत, त्यात देवनागरी नाही. मराठी टाइप केलं तर मोबाइल आपलंच नेहमीचं अक्षर दाखवतो किंवा नुसते चौकोन येतात. गूगल फॉन्ट्सवर शोधताना आधी देवनागरी लिपी निवडावी, मग आपलं नाव टाइप करून बघावं.

मराठीची परीक्षा

फॉन्टच्या जाहिरातीत दाखवलेला शब्द नेहमी सोपा असतो. खरी परीक्षा आपल्या शब्दांवर घ्यावी. एक ओळ टाइप करून बघता येईल : ‘शेतकऱ्यांच्या केळीचे वेफर्स, श्रीलक्ष्मी बचत गट, ₹ ५०’. त्यात पुढच्या गोष्टी तपासाव्यात.

• ल आणि श : मराठी आणि हिंदी वळण वेगळं असतं. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवताना मराठी वळणच धरलं. काही फॉन्ट आधी हिंदी वळण दाखवतात. फॉन्टमध्ये मराठी वळण असलं तरी ॲपमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय ते येईलच असं नाही.

• ऱ्य : ‘शेतकऱ्यांच्या’ मधला अर्धा र बरोबर बसतो की ‘र्य’ होतो, ते बघावं. ‘आचार्यांचा’ आणि ‘आचाऱ्यांचा’ यात अर्थच बदलतो. पाटी आचाऱ्याची असेल तर हसू होईल.

• ळ : केळी, कळणा, गूळ, डाळ. खान्देशातल्या मालाच्या नावात ळ सारखा येतो. तो शेजारच्या अक्षरांइतकाच जाड आणि स्वच्छ दिसायला हवा.

• जोडाक्षरं, मात्रा, अनुस्वार : क्ष्म, श्री, र्स तुटत नाहीत ना? जाड अक्षरात अनुस्वार आणि मात्रा एकमेकांना चिकटत नाहीत ना?

• आकडे आणि ₹ : काही फॉन्टमध्ये रुपयाचं चिन्हच नसतं.

छापखान्यात देताना

आपल्याकडच्या अनेक छापखान्यांत अजून श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरचे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात. मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर तिथे नेला की काना-मात्रा उड्या मारतात. यावर उपाय म्हणजे नाव पक्कं झालं की डीटीपीवाल्याला ते ‘कर्व्ह’ करायला सांगावं. मग ते अक्षर चित्रासारखं होतं, कुठल्याही मशीनवर हलत नाही. ती फाइल आणि पीडीएफ स्वतःजवळ ठेवावी. पुढच्या वेळी छापखाना बदलला तरी नाव तेच राहतं.

वर दिलेले फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. धंद्यासाठी वापरायला पैसे लागत नाहीत, फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘पाचशे मराठी फॉन्ट’ अशा फाइलींची मात्र अशी खात्री देता येत नाही.

कायद्याचा मजकूर साध्या अक्षरात

खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटक, निव्वळ वजन, किंमत, तारीख, १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक आणि शाकाहारी चिन्ह लागतं. ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते, सोबत मराठी चालते. म्हणजे नुसतं मराठी देऊन भागत नाही. हा भाग गमतीच्या अक्षरात छापू नये, कारण गिऱ्हाइकाला आणि तपासणी अधिकाऱ्याला तो स्पष्ट वाचता आला पाहिजे.

दुकानाच्या पाटीचा नियम वेगळा आहे. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे. दुसऱ्या लिपीत नाव लिहिता येतं, पण मराठी अक्षरं आधी हवीत आणि इतरांपेक्षा लहान नकोत.

पेंटरलाही विचारावं

फॉन्टच हवा असं नाही. मराठी नाटकांची नावं कमल शेडगे (निधन २०२०) हाताने काढत. नाटक विनोदी की गंभीर, हे त्यांच्या अक्षरावरूनच कळायचं. तालुक्याच्या गावात पाट्या रंगवणारे पेंटर अजून आहेत. त्यांच्याकडून नाव कागदावर काढून घेतलं आणि डीटीपीवाल्याकडून कॉम्प्युटरवर आखून घेतलं, तर तसं अक्षर दुसऱ्या कोणाकडे नसतं.

शेवटची तपासणी

१. नाव खऱ्या आकारात कागदावर छापून रिकाम्या पाकिटावर चिकटवावं.
२. ते दुकानाच्या फळीवर ठेवून दहा पावलांवरून बघावं.
३. एकाच रंगात, काळ्या-पांढऱ्यात छापून बघावं. बिलावर आणि खोक्यावर नाव तसंच जाणार आहे.
४. मोबाइलवर व्हॉट्सॲप डीपीएवढं लहान करून बघावं.
५. नाव आधी माहीत नसलेल्या दोघांना वाचायला द्यावं, एक शाळेतलं पोर आणि एक म्हातारं माणूस. दोघांनी न अडखळता वाचलं तरच छपाईची ऑर्डर द्यावी.