स्फटिक मोजणारा अर्थमंत्री

आज भेटूया क्विंतिनो सेल्लाला. जन्म १८२७चा, उत्तर इटलीतला. पॅरिसला खाणशास्त्र शिकला, तुरिनमध्ये स्फटिकांचे कोन मोजायचा. आणि १८६२मध्ये थेट अर्थमंत्री! नव्या इटलीची तिजोरी रिकामी होती. त्याने दळणावर कर सुचवला. १८६८मध्ये एका खनिजाला त्याचं नाव मिळालं, सेल्लाइट. पुढच्याच वर्षी तो कर लागू झाला. गरिबाचं पीठ महागलं, दंगली उसळल्या. त्याच वर्षी सेल्ला पुन्हा अर्थमंत्री झाला, पण कर काही मागे घेतला नाही. पुढे देशाच्या जमाखर्चाचा मेळ बसला खरा. पण पैसे भरले कोणी? गिरणीत धान्य घेऊन येणाऱ्यांनी. म्हणून मला वाटतं, सेल्लाचं नाव घेताना दगडासोबत पीठही आठवायला हवं.