संकेतस्थळाचें बिऱ्हाड : नांव, जागा आणि माल

एखाद्या छोट्या व्यापाऱ्याचें संकेतस्थळ ‘हवेंत’ असतें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तें कोठल्या तरी पक्क्या इमारतींत, दुसऱ्याच्या यंत्रावर, भाड्यानें राहत असतें. अशा इमारती ज्या गांवीं उभ्या आहेत, त्यांत ठाणें-बेलापूर रस्त्यावरील रबाळे हें एक होय.

या बिऱ्हाडाचा इतिहास फार जुना नाहीं. १९८९ सालीं जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं जागतिक जाळ्याची कल्पना मांडली. पहिलें संकेतस्थळ ज्या यंत्रावर होतें, त्यावर हें यंत्र बंद करूं नये, अशी चिठ्ठी चिकटविलेली होती. बिऱ्हाड देण्याच्या धंद्याचें सारें सार त्या चिठ्ठींत आहे. ३० एप्रिल १९९३ रोजीं ‘सर्न’नें ही विद्या सर्वांस विनामूल्य खुली केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सामान्य ग्राहकांस इंटरनेट दिलें.

यंत्र अखंड चालावयाचें, तर वीज, थंडावा आणि तारा हव्यात. रबाळ्याची निवड त्यामुळेंच झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि खाडीपलीकडील या पट्ट्यांत कारखाने उभे राहिले. पुढें त्यांतील कित्येक बंद पडले. परंतु औद्योगिक भूखंड, मोठा वीजपुरवठा व मुंबईचें सान्निध्य हीं राहिलीं. मुंबईस समुद्री तार १८७० सालींच एडनमार्गें पोहोंचली होती. आजच्या काचतंतूंच्या ताराही याच किनाऱ्यास लागतात. म्हणून सिफीसारख्या कंपन्यांनीं रबाळ्यास डेटा सेंटरें बांधलीं. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज एकाएकीं गेली. बॅटऱ्या व डिझेलचीं जनित्रें अशाच दिवसासाठीं ठेवावीं लागतात.

आतां दुकानदारानें काय जाणावें ? तीन गोष्टी निरनिराळ्या आहेत : नांव, जागा आणि माल.

नांव म्हणजे दुकानावरील पाटी. आरंभीं सर्व यंत्रांच्या नांवांची एकच यादी अमेरिकेंतील एक संस्था ठेवीत असे. ती अपुरी पडूं लागली, तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं आजची नामपद्धति आंखली. ‘डॉट इन’ हीं नांवें २००५ सालीं सर्वांस खुलीं झालीं. २०१४ पासून देवनागरींतील ‘डॉट भारत’ही मिळूं लागलें. नांव विकत मिळत नाहीं, मुदतीनें मिळतें. मुदत चुकली तर कांहीं काळानें तें दुसरा कोणीही घेऊं शकतो. संकेतस्थळ तयार करणारा कारागीर पुष्कळदां नोंदणी स्वतःच्याच नांवें करतो. पुढें बेबनाव झाला, कीं पाटी त्याच्या हातीं राहते. नोंदणी मालकाच्याच नांवें असावी.

जागा म्हणजे भाड्याचा गाळा. एकाच यंत्रावर अनेक बिऱ्हाडें असलीं, तर ती चाळ; भाडें थोडें, पण शेजाऱ्याकडे गर्दी झाली तर आपणांसही अडचण. यंत्राचा निश्चित भाग राखून घेतला, तर ती स्वतंत्र खोली. संपूर्ण यंत्र घेतलें, तर बंगला. लहान दुकानास प्रारंभीं चाळ पुरेशी आहे.

माल मात्र सर्वस्वीं आपला : मजकूर, चित्रें, गिऱ्हाइकांच्या मागण्या. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथें ओव्हीएच कंपनीचें एक डेटा सेंटर आगींत भस्मसात झालें. कित्येक व्यवसायांची माहिती कायमची गेली. कांहींनीं नकला ठेवल्या होत्या, पण त्याही त्याच आवारांत! इमारत कितीही भक्कम असो, एक नकल दुसऱ्या गांवीं अथवा आपल्या घरीं असलीच पाहिजे.

गाळा बदलतां येतो. नांव आपलें व नकल आपल्याजवळ असेल, तर दुसऱ्या घरमालकाकडे दुकान थोड्या श्रमानें पुन्हां मांडतां येतें. तेव्हां ज्यांचीं संकेतस्थळें आहेत, त्यांनीं नोंदणी कोणाच्या नांवें आहे व मुदत केव्हां संपते, हें आजच पाहून घ्यावें.