रक्तदात्याची नोंद आणि रुग्णाची गोपनीयता : म्हापसा, मुंबई, वसई

रुग्णाची माहिती एका कारणासाठी गोळा होते व दुसऱ्याच कारणासाठी वापरली जाते, हा प्रश्न आज संगणकीय माहिती-उत्खननाच्या संदर्भात चर्चिला जात असला, तरी त्याचे कागदी रूप कोकण किनाऱ्याने पूर्वीच अनुभवले आहे. गोव्यातील डॉमिनिक डिसोझा हे नियमित रक्तदाते होते. त्यांच्या रक्तात एचआयव्ही आढळल्यानंतर फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले व म्हापसा येथील जुन्या क्षयरोग आरोग्यधामात एकटे ठेवले. तपासणी झाली होती रक्त घेणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी. तिचा निष्कर्ष मात्र रक्त देणाऱ्यास कोंडण्याच्या कामी आला. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमातील दुरुस्तीचा त्यास आधार होता. ६४ दिवसांनी त्यांची सुटका झाली. परंतु त्यांच्या आई ल्युसी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैधच ठरविली. डिसोझा १९९२ मध्ये निवर्तले.

दाद मागावयाची तर नाव उघड करावे लागे, ही त्या काळातील खरी अडचण होय. १९९७ मध्ये तीवर वाट निघाली. एचआयव्हीमुळे काम नाकारलेल्या एका हंगामी कामगारास याच न्यायालयाने सांकेतिक नावाने याचिका चालवू दिली. कामास सक्षम व्यक्तीस केवळ संसर्गापोटी डावलता येणार नाही, असाही निर्वाळा दिला. प्रकरण ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ म्हणून नोंदले गेले. निकालाइतकेच महत्त्व त्या अक्षरांना द्यावयास हवे. न्यायालयात ओळख झाकण्याची तरतूद पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स अधिनियमात आली. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे.

तथापि नाव झाकणे पुरेसे असते काय? लताण्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत नावे वगळलेल्या रुग्णनोंदी मतदारयादीशी ताडल्या आणि जन्मतारीख, लिंग व टपाल क्रमांक एवढ्यावरून मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांची नोंद हुडकून काढली. वसई तालुक्यात हा धोका सर्वत्र सारखा नाही. नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीत वय व लिंग यांवरून सहसा कोणी ओळखू येणार नाही. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावरील कोळी वस्तीत मात्र गाव, वय व एखादा विरळ आजार कळला की घर सांगता येईल. अशा लहान वस्तीच्या नोंदी संशोधनासाठी देताना त्या शेजारच्या गावांत मिसळाव्या लागतील, वयही गटांत मांडावे लागेल. मग बेटावरील पाण्यामुळे होणारा आजार त्या तक्त्यात वेगळा दिसणार नाही, आणि ज्यांची गोपनीयता राखली त्यांच्याच आरोग्याचा अभ्यास तेवढा अपुरा राहील.