भाकरीचे गुण

राजूरला शिक्षकांची एक बैठक आटोपल्यावर एका गुरुजींनी माझ्यापुढे वही उघडली. रक्तातली साखर वाढू लागल्याने डॉक्टरांनी त्यांना सात-आठ किलो वजन उतरवायला सांगितले होते. अमेरिकेतल्या भाच्याने एक पद्धत कळवली होती. प्रत्येक पदार्थाला ठरावीक गुण असतात, आणि दिवसभराची बेरीज एका मर्यादेच्या आत ठेवायची असते. (जन्मभर जास्त गुण मिळवायला शिकवणाऱ्या माणसाला हे उलटेच वाटणार.) नऊ दिवस वही नीट भरलेली होती, दहाव्या दिवसापासून कोरी. "सर, भाकरीपाशी अडलो," ते म्हणाले. "बिस्किटाच्या पुड्यावर सगळे छापलेले असते. भाकरीवर कोण छापणार?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

अन्नातली ऊर्जा उष्मांकांत मोजण्याचा पाया अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी १८९० च्या दशकात घातला. माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या शरीरातून किती उष्णता बाहेर पडते ते त्यांनी मोजले. एक ग्रॅम प्रथिनापासून ४, स्निग्धापासून ९ आणि पिष्टापासून ४ उष्मांक, हे आकडे त्यांच्याच कामातून आले. त्यांना वजन उतरवायचे नव्हते. थोड्या पैशांत मजुराचे पोट कसे भरेल, ही त्यांची काळजी होती. हाच हिशेब उलटा फिरवला लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी. १९१८ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी बायकांना पावाचा तुकडा न म्हणता शंभर उष्मांकांचा पाव म्हणायला शिकवले. पण रोज शेकड्यांच्या बेरजा करायला कोणाला सवड आहे? बेरजा लहान करण्याची गरज तेव्हापासूनचीच.

त्या लहान झाल्या १९९७ साली, 'वेट वॉचर्स' या कंपनीने अमेरिकेत गुणांची पद्धत आणली तेव्हा. रीत अशी: उष्मांकांना ५० ने भागायचे, स्निग्धांशाच्या ग्रॅमना १२ ने भागून ते त्यात मिळवायचे, चोथ्याच्या ग्रॅमना ५ ने भागून वजा करायचे, मात्र चोथा ४ ग्रॅमपेक्षा जास्त धरायचा नाही. येणारा आकडा जवळच्या पूर्णांकात घ्यायचा. पुढे कंपनीने हे सूत्र अनेकदा बदलले, पण भाच्याने कळवले होते ते हे जुनेच.

आता भाकरी. आपल्याकडे अन्नघटकांचे कोष्टक १९३७ साली कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून ॲक्रॉइड यांनी प्रसिद्ध केले. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि तिथून १९७१ साली डॉ. गोपालन व सहकाऱ्यांचे पुस्तक निघाले. त्यात शंभर ग्रॅम बाजरीला ३६१ उष्मांक, ५ ग्रॅम स्निग्ध आणि १.२ ग्रॅम चोथा दिला आहे. ऐंशी ग्रॅम पिठाची भाकरी धरली तर ५.९ येतात, म्हणजे ६ गुण. २०१७ च्या नव्या कोष्टकात मात्र ३४८ उष्मांक, ५.४ ग्रॅम स्निग्ध आणि चोथा चक्क ११.५ ग्रॅम! हिशेब ५.१, म्हणजे ५ गुण. बाजरी काही बदलली नाही. पूर्वी धान्य आम्लात व अल्कलीत उकळून जे उरेल तेवढाच चोथा धरत, आणि त्यात बराच भाग विरघळून जाई. नवी पद्धत तोही मोजते.

गुरुजींना मी म्हणालो, "पाच लिहा आणि पुढे चला." एका गुणासाठी वही बंद पडावी इतका हा आकडा पवित्र नाही. आकड्याच्या पावित्र्यावरून आपल्याकडे मोठा वाद होऊन गेला आहे. १९७१ मध्ये पुण्याच्या दांडेकर आणि रथ यांनी दारिद्र्यरेषा आखताना दरडोई रोजचे २२५० उष्मांक हा आधार घेतला. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर हरकत घेतली. काम तेच, वजन तेच, तरी एकाच माणसाचे खाणे दिवसागणिक, आठवड्यागणिक खालीवर होत असते, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा सगळा युक्तिवाद पोषणतज्ज्ञांना पटला नाही, आणि गरिबांच्या उपासमारीबाबत तो धोक्याचा आहे असे मलाही वाटते. शाळेतल्या दुपारच्या जेवणात प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक मिळालेच पाहिजेत, तिथे सूट नको. पण एका दिवसाच्या बेरजेवरून स्वतःला नापास करणाऱ्या गुरुजींनी सुखात्म्यांची एवढी गोष्ट घ्यावी. हिशेब आठवड्याचा धरावा.

आणि मूळ मुद्दा तर वेगळाच आहे. 'वेट वॉचर्स'ची सुरुवात गुणांनी झाली नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन नाइडेच या गृहिणीचे वजन ९७ किलो होते. १९६१ साली ती सरकारी दवाखान्यात गेली. आहाराचा कागद मिळाला, पण घरी ती चोरून बिस्किटे खाई आणि तिथे सांगायला लाजे. शेवटी तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावून त्यांच्यापुढे कबुली दिली. त्यांनीही आपापल्या कबुल्या दिल्या. त्या दर आठवड्याला भेटू लागल्या, आणि १९६३ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. गुण आले त्यानंतर चौतीस वर्षांनी.

पुढच्या चाचण्यांतही हेच दिसते. २००५ साली बॉस्टनमध्ये १६० जणांवर चार आहार वर्षभर तपासले, त्यांत हाही एक होता. वजन किती उतरले याचा आहाराच्या प्रकाराशी जवळपास संबंध आढळला नाही. तो कोण किती नेटाने पाळतो याच्याशी होता. २००३ च्या ४२३ जणांच्या चाचणीत या बैठकांना जाणाऱ्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी २.९ किलो उतरलेले राहिले, तर बहुतांशी आपले आपण प्रयत्न करणाऱ्यांचे ०.२ किलो. आकडे फार मोठे नाहीत. गुरुजींना सांगितलेल्या सात-आठ किलोंपुढे तर ते तोकडेच आहेत.

मी विचारले, "वही कोणाला दाखवता?" "कोणाला दाखवणार? घरात हसतात." पलीकडच्या खुर्चीवरच्या बाई इतका वेळ ऐकत होत्या. "गुरुजी, मलाही डॉक्टरांनी तेच सांगितलंय," त्या म्हणाल्या. शाळेत मुलांच्या वजनाचा काटा होता. शनिवारी मुले घरी गेल्यावर त्यावर उभे राहायचे दोघांचे ठरले.

तेवढ्यात चहाबरोबर राजूरचे पेढे आले. पंचवीस ग्रॅमचा पेढा खवा-साखरेच्या हिशेबाने अंदाजे २ गुणांचा. गुरुजींनी तो उचलला, दहाव्या दिवसाच्या कोऱ्या पानावर २ लिहिले आणि वही बाईंकडे सरकवली.