फाइल संपली, हे कळतं कसं?

असेंब्लीत फाइल वाचणं म्हणजे एक लूप. थोडे बाइट्स मागवा, वापरा, पुन्हा मागवा. पण थांबायचं कधी? पायथॉन वापरत असाल तर हा प्रश्न तुम्हाला सहसा पडत नाही. असेंब्लीत तो थेट तुमच्या गळ्यात येतो, आणि त्यामागे एक जुनी गोष्ट आहे.

१९७४ मध्ये गॅरी किल्डालने सीपी/एम लिहिली. तिच्यात फाइलची लांबी बाइट्समध्ये नव्हे, तर १२८ बाइट्सच्या रेकॉर्डमध्ये मोजली जायची. म्हणजे मजकूर १३० बाइट्सचा असेल तर फाइल दोन रेकॉर्डची, २५६ बाइट्सची. उरलेल्या १२६ बाइट्समध्ये काय? काहीही कचरा! सी रजिस्टरमध्ये २० आणि डीईमध्ये फाइल कंट्रोल ब्लॉकचा पत्ता ठेवून पत्ता ५ ला कॉल करायचा. एमध्ये शून्य आला तर रेकॉर्ड मिळालं, नाहीतर रेकॉर्ड संपले. पण शेवटच्या रेकॉर्डमध्ये मजकूर नेमका कुठे संपतो, हे खुद्द सिस्टीमलाच ठाऊक नाही. म्हणून संकेत ठरला: मजकुरानंतर २६ हा बाइट, म्हणजेच कंट्रोल-झेड.

१९८१ च्या एमएस-डॉसने डिरेक्टरीत बाइट्समधली नेमकी लांबी ठेवली. खरं तर गरज तिथेच संपली. १९८३ च्या डॉस २.० मध्ये तर युनिक्ससारखी सोय आली: एएचमध्ये हेक्स ३एफ ठेवून इंटरप्ट २१ बोलवा, एएक्समध्ये वाचलेल्या बाइट्सची संख्या मिळते. कॅरी फ्लॅग चढला तर चूक, नाहीतर शून्य म्हणजे फाइल संपली. ५१२ मागून ४० मिळाले, तर ते ४० आधी वापरायचे, मग पुन्हा विचारायचं.

इतकं स्वच्छ उत्तर असूनही २६ काही गेला नाही. डॉसची टाइप कमांड त्यापाशी थांबायची. विंडोजवर सी भाषेत टेक्स्ट मोडमध्ये फाइल उघडली, की आजही तेच होतं. जुन्या उपकरणाची बायनरी फाइल अशी उघडलीत, तर मोजमापातला पहिलाच २६ तुमचा डेटा तोडतो. एरर येत नाही! सगळे बाइट्स सारख्याच शक्यतेचे धरले, तर सरासरी २५६ बाइट्समागे एकदा हे घडणार. आलेख मात्र व्यवस्थित निघतो, हीच भीती. म्हणून बायनरी मोड वापरा आणि वाचलेले बाइट्स फाइलच्या लांबीशी ताडून पाहा.

पीएनजी चित्रांच्या पहिल्या आठ बाइट्समधला सातवा २६ आहे. तो मुद्दाम ठेवलाय, डॉसवर चुकून टाइप केलं तर पडदा कचऱ्याने भरू नये म्हणून.