तिला कोणी विचारले होते काय?

नव्या वसाहतीचा इतिहास बहुधा तीन प्रकारच्या कागदांवरून लिहिला जातो : राजाची फर्माने, अधिकाऱ्यांचे हिशेब आणि मिशनरी धर्मगुरूंची पत्रे. या तिन्हींत स्त्रीचा उल्लेख येतो, परंतु ती स्वतः बोलत नाही. इतर तिच्याविषयी बोलतात. ब्राझीलमधील पोर्तुगीज वसाहतीचा आरंभकाळ पाहिला म्हणजे याचा प्रत्यय येतो.

१५४९ सालच्या मार्चमध्ये ब्राझीलचा पहिला गव्हर्नर जनरल तोमे द सौसा बाहियाच्या किनाऱ्यावर उतरला आणि साल्वादोर नगरीचा पाया घातला गेला. त्याच्या ताफ्यात सैनिक, कारागीर आणि हद्दपारीची शिक्षा झालेले अनेक कैदी होते. फादर मानुएल द नोब्रेगा आणि त्यांचे पाच येशूसंघीय सहकारीही होते. पोर्तुगीज स्त्रिया मात्र अगदीच थोड्या होत्या. वसाहतकऱ्यांनी तेथील मूळनिवासी स्त्रियांना विवाहावाचून घरांत ठेवले होते, कित्येकींना गुलाम केले होते. फादर नोब्रेगांना हे पाहवले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी पोर्तुगालला कळवले, की इकडे स्त्रिया पाठवाव्यात म्हणजे पुरुष विवाह करून पापमार्ग सोडतील. डागाळलेल्या लौकिकाच्या स्त्रिया आल्या तरी त्यांनाही वर मिळतील. १५५१ साली राजाश्रयाने वाढलेल्या अनाथ मुली बाहियास आल्या. इतिहासात त्यांना ‘राजाच्या अनाथ मुली’ म्हणतात. १५५२ साली फादरांनी राजाकडे अशा मुलींसाठी पुन्हा विनंती केली.

फादर नोब्रेगांवर अन्याय होऊ नये. मूळनिवाशांना गुलाम करणाऱ्या वसाहतकऱ्यांविरुद्ध ज्या थोड्यांनी आवाज उठवला, त्यांत ते अग्रभागी होते. त्यांचा हेतू शुद्ध होता. तरीही ती पत्रे वाचताना आम्हांला एक गोष्ट खटकते. पुरुषाच्या आत्म्याला रोग जडला आहे आणि स्त्री हे त्यावरचे औषध आहे, असा त्या विनंतीचा सूर आहे. औषधाला त्याची इच्छा कोण विचारतो?

हाच प्रश्न ब्राझीलच्या लेखिका आना मिरांदा यांनी ‘देस्मुंदो’ या १९९६ सालच्या कादंबरीत विचारला. या शीर्षकात ‘जग’ आणि त्याला जोडलेला नकार असे दोन अंश आहेत. पायाखालचे जगच नाहीसे व्हावे, तशी ही अवस्था. १५५५ साली अनाथ मुलींसह ब्राझीलला आलेली ओरिबेला ही तिची नायिका आहे. फ्रान्सिस्को द आल्बुकेर्क नावाच्या रांगड्या वसाहतकऱ्याशी तिचा विवाह लावला जातो. समुद्रापलीकडच्या मायभूमीला परतण्यासाठी ती पळून जाण्याचा प्रयत्न करते. सारी कथा तिच्याच तोंडून, जुन्या वळणाच्या पोर्तुगीजमध्ये सांगितलेली आहे. ओरिबेला काल्पनिक आहे. तिला आणणारी गलबते मात्र काल्पनिक नव्हती.

कादंबरीला इतिहासाचा पुरावा मानता येणार नाही. त्या मुलींपैकी काही जणींना हा प्रवास आधारही वाटला असेल. आश्रमाच्या भिंतींपेक्षा स्वतःचे घर बरे, असे कोणी मनोमन म्हटलेही असेल. परंतु कागदांनी जी जागा कोरी सोडली, तेथे बोट ठेवण्याचे काम कादंबरीने केले. उत्तर तिच्यापाशी नाही. प्रश्न मात्र तिने नेमका विचारला.

मूळनिवासी स्त्रियांच्या वाट्याला तर याहून गाढ मौन आले. अपवाद म्हणून पाराग्वासू या तुपिनांबा स्त्रीचे नाव घ्यावे लागेल. दियोगो आल्वारिश ऊर्फ कारामुरू या पोर्तुगीजाची ती पत्नी. ३० जुलै १५२८ रोजी फ्रान्समधील सां-मालो येथे तिचा बाप्तिस्मा होऊन तिला कातारिना हे नाव मिळाले. ती नोंद आजही उपलब्ध आहे. साल्वादोरच्या ग्रासा चर्चमध्ये तिचे दफन झाले. बाप्तिस्म्याच्या एका ओळीने तिला विस्मृतीपासून वाचवले. जिच्यासाठी अशी ओळ लिहिली गेली नाही, ती नाहीशी झाली.

वाचकहो, हा इतिहास आपल्या किनाऱ्यापासून दूर नाही. राजाच्या अनाथ मुली गोव्यालाही येत. त्यांच्याशी विवाह करणाऱ्याला सरकारी हुद्दा किंवा गावाचा महसूल हुंडा म्हणून मिळे. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या वसईच्या मुलखातील काही गावे अशा हुंड्यांत दिली गेली. म्हणजे मुलगी लिस्बनची, गाव आमचे आणि सौदा राजाचा! त्या गावात घाम गाळणाऱ्या कुणबिणीलाही कोणी काही विचारले नव्हते.

त्या काळची दृष्टीच तशी होती, असे म्हणून हात झटकणे आम्हांला योग्य वाटत नाही. वधूवरांच्या संमतीने विवाह सिद्ध होतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्याही आधीची, मध्ययुगातील आहे. नोव्हेंबर १५६३ मध्ये त्रेंतच्या धर्मपरिषदेने धर्मगुरूने दोघांना विचारून त्यांची संमती जाणून घ्यावी, असे ठरवले. शिवाय सत्ताधीशांनी आपल्या अंकित जनांवर विवाहाची सक्ती केल्यास ते धर्मबहिष्कृत होतील, असेही बजावले. शिकवण होती, नियमही आला. उणीव होती ती तिचे उत्तर खरोखर ऐकणाऱ्या कानांची. हजारो मैलांवर, माहेर नसलेल्या मुलीने वेदीसमोर ‘होय’ म्हटले, तर त्या ‘होय’मध्ये तिची इच्छा किती आणि निरुपाय किती?

१९८३ च्या धर्मविधिसंहितेचे १०५७ वे कलम संमतीलाच विवाहाचा प्राण मानते आणि ११०३ वे कलम सक्तीने किंवा गंभीर भीतीपोटी लावलेला विवाह अवैध ठरवते. म्हणूनच विवाहापूर्वी वधू आणि वर यांची स्वतंत्र चौकशी होते. पुष्कळ कुटुंबांना तो निव्वळ उपचार वाटतो. दाराबाहेर मामा-काका थांबलेले असतात, हॉल ठरलेला असतो, पत्रिका छापून झालेल्या असतात. अशा वेळी मुलीने उत्तर द्यायला क्षणभर विलंब लावला, तर घरच्यांनी तिला घाई करू नये आणि धर्मगुरूनेही आपले पेन खाली ठेवून थांबावे. बाहियाच्या किनाऱ्यावर उतरलेल्या मुलींना तेवढा वेळ कोणी दिल्याची नोंद नाही.